बिनटपाची गाडी

मास्तरांनी गाडी घेतली हे ऐकून बाजारात कोणाला खरंच वाटेना. आणि घेतली तीही कसली? दोन दारांची, उघड्या टपाची! बापाच्या पैशावर पोरं मिरवतात ना, तसली. मास्तर म्हणजे काय असामी आहे हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तर हातच जोडले. साठीला टेकलेला माणूस, लग्नाच्या भानगडीत कधी पडला नाही, जन्मभर ट्रकांच्या ताडपत्र्या, दुकानांची छपरं आणि गाड्यांच्या सीटा शिवत बसला. खिशात कायम खडूचा तुकडा, बोटांना दाभणाचे घट्टे. चपलेचा अंगठा तुटला तर स्वतःच शिवून वर्षभर तीच चप्पल घालणार. आणि म्हणे उघडी गाडी!

"जन्मभर दुसऱ्यांची डोकी झाकली, आता स्वतःचं उघडं टाकतोय," समोरचा कुलूपवाला म्हणाला. सगळी आळी हसली. हसणाऱ्याचं काय जातं? का घेतलीस बाबा, असं एकानंही विचारलं नाही.

गाडी गॅरेजवाल्याच्या मागच्या अंगणात पडून होती. मूळची लाल असावी. आता उन्हानं तिचा रंग उडून विटलेल्या परकरासारखा झाला होता. चारही चाकं बसलेली, सीटांवर वाळक्या पानांचा थर, आणि टपाच्या जागी नुसत्या लोखंडी कमानी, त्यांना लोंबणाऱ्या काळ्या चिंध्या. गॅरेजवाला तसा सरळ माणूस. तो म्हणाला, "मास्तर, इंजिन ठणठणीत आहे, त्याची हमी माझी. पण टपाचं काही विचारू नका."

"टप नकोच आहे मला."

"म्हणजे?"

"म्हणजे टप नसलेलीच गाडी शोधत होतो."

गॅरेजवाल्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं गाडी भंगाराच्या भावात दिली आणि वर चाकांत हवाही भरून दिली.

मास्तरांना थोरली बहीण होती, ताई, आणि धाकटी होती, छोटी. आईवडील लवकर गेले. ताईनं दोघांना वाढवलं. फळं साठवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती पेट्या भरायला जायची. छोटी हाताशी आली तशी तिलाही तिथंच लावून दिली. एका संध्याकाळी ताई आतल्या खोलीत पेट्या लावत होती आणि बाहेरून दाराला कडी पडली. ते दार बंद झालं की आतला दिवाही जायचा. मास्तर त्या रात्री कामासाठी परगावी होते, ताई रात्रभर आत राहिली. सकाळी दार उघडलं तेव्हा ती पेट्यांच्या फळ्यांत अंग कोंबून बसली होती. हातांची नखं तुटली होती, घशातून आवाज निघत नव्हता. जिवंत सापडली हेच नशीब, असं सगळे म्हणाले. कडी छोटीनं लावली होती. आत कोणी नाही असं वाटून लावली, असं तिनं रडत रडत सांगितलं. सतरा-अठराची पोर, कोण तिला काय बोलणार! ताईनंही कधी शब्दानं दुखावलं नाही तिला.

पण त्या रात्रीनंतर ताईला बंद जागा सोसेना. बस नाही, मोटार नाही, लिफ्ट नाही. न्हाणीघराचं दार ती नुसतं लोटून घ्यायची आणि आतून मोठ्यानं बोलत राहायची. दुकान खाली आणि घर वर, तर दुकानाचं शटर मास्तरांनी कधी पुरतं खाली ओढलं नाही. चोर शिरतील म्हणून लोकांनी सांगून पाहिलं. मास्तर म्हणायचे, "शिरू देत. ताडपत्री घेऊन जातील, बहीण तर नाही ना नेणार." ताई पायी हिंडायची, पायीच बाजार करायची. अगदीच लांब जायचं झालं तर टेंपोच्या मागच्या उघड्या हौद्यात उभी राहायची. पुढं कंबर गेली, गुडघे गेले, तेही सुटलं.

छोटीचं लग्न त्याच वर्षी झालं आणि ती डोंगरापलीकडच्या गावी गेली. तेव्हापासून दोघी बहिणींची गाठ नाही. छोटीला यायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. आधी पोरं लहान, मग सासू आजारी, मग नवऱ्याची नोकरी. सबबींना काय तोटा! मास्तर मात्र सगळं ओळखून होते. पोरीला ताईच्या समोर उभं राहायची लाज वाटत होती. फोन मात्र ती रोज करायची. दिवेलागणीला फोन वाजायचाच. भाजी काय केली, दूध नासलं का, शेजारणीनं काय दिवे लावले, सगळं बोलायच्या दोघी. एक गोष्ट सोडून सगळं.

आणि आता छोटी अंथरुणाला खिळली होती. आजार असा की डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एके संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, "दादा, ताईला एकदा घेऊन ये रे. मला तिच्याशी बोलायचंय."

"बोल की. देतो फोन."

"फोनवर नाही. समोर."

मास्तर फोन ठेवून शिवणयंत्रासमोर बसले. टेंपोच्या हौद्यातून न्यावं तर डोंगराचा रस्ता, ताईच्या कमरेचा चुरा व्हायचा. बंद मोटारीत ती मेली तरी बसणार नाही. छोटीला तर खाटेवरून हलवता येत नाही. मऊ सीट पाहिजे आणि डोक्यावर आभाळ पाहिजे, असं वाहन कुठलं? तीन दिवस त्यांनी डोकं खाजवलं, आणि मग त्यांना गॅरेजवाल्याच्या अंगणातली ती लाल गाडी आठवली.

गाडी दुकानासमोर लागली तशी ताई काठी टेकत खाली आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही?"

"हीच."

"यात मी बसायचं? या उकिरड्यात?"

"साफ करतो ना."

"मग बघतोस काय माझ्याकडे? बादली आण!"

ताई दारात खुर्ची टाकून बसली आणि मास्तर कामाला लागले. आधी पानं उपसली. सीटा सोडवून बाहेर काढल्या तर खालच्या गालिच्यात पाणी साचून त्याचा लगदा झालेला. मागच्या सीटच्या पोटात उंदरांनी घर केलं होतं, फोम कुरतडून चांगली गादी केली होती. "तुझ्याहून बरं शिवणकाम आहे," ताई म्हणाली. मास्तरांनी तळाचा गंज घासला, त्यावर रंग मारला, गालिचा फेकून नवी जाड सतरंजी बसवली. पिवळे पडलेले दिवे दात घासायच्या पेस्टनं चोळून लख्ख केले. रबर कुजलं होतं ते बदललं. कुबट वास काही केल्या जाईना, तेव्हा सीटांची कातडी सोलून आतला फोमच टाकून दिला. ताईची सीट त्यांनी निराळीच भरली, कमरेपाशी घट्ट, गुडघ्यांखाली मऊ. ताईला पुन्हा पुन्हा बसवून पाहिलं. "इथं टोचतंय," ती म्हणायची, की उसवून परत. शेवटी ती बसली आणि काहीच बोलली नाही. मास्तरांना तेवढं पुरे होतं.

इथपर्यंत ठीक होतं. त्याच दिवशी निघायला हवं होतं. पण मास्तरांची नजर त्या कमानींवर गेली.

आता याला काय म्हणावं? बिनटपाची म्हणून जी गाडी आणली, तिला हा माणूस टप शिवायला बसला! सवय म्हणा, रक्तातली खोड म्हणा. त्यांनी ठेवणीतला मेणकापडाचा तागा काढला, जाड दोरा मेणात घोळवला. कमानींची मापं तीनतीनदा घेतली. दुहेरी टीप, वरून पट्टी, कोपऱ्यांना हातटाके. मागं पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. घडी पडेल तिथं आतून अस्तर.

"टप कशाला रे?" ताईनं विचारलं.

"पाऊस आला तर?"

"आला तर भिजेन. मी काय साखरेची आहे?"

"दोन दिवसांचं काम आहे ताई."

दोनाचे चार झाले. चारानंतर मास्तरांनी मागची खिडकी उसवली, ती केसभर तिरकी होती म्हणून. ताईनं काठी जमिनीवर आपटली. "तिकडं पोर मरायला टेकलीय आणि तू खिडकी सरळ करतोस? लाज वाटत नाही?"

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. लाज वाटत होती. पण भीती त्याहून जास्त वाटत होती. तिकडं पोचलं की छोटीला मरताना बघावं लागणार होतं, आणि या दोघींची गाठ पडल्यावर काय होईल ते देव जाणे. टपाची टीप हातात होती तोवर निघायचं नव्हतं. कळत होतं सगळं, वळत नव्हतं. त्या संध्याकाळी फोन वाजला, तो छोटीच्या नवऱ्यानं केला होता. "दादा, आता उद्या-परवा करू नका," एवढंच तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या वेळेला छोटीचा आवाज आला नाही. ताई फोनकडे बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून रडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं निघाली. टप घडी करून मागं बसवलेला. पंक्चर-बिंक्चर झालं तर असावी म्हणून हत्यारांची पिशवी पायाशी. ताईनं डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. आळी उठून बघायला आली, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. गाव मागं पडलं, मोकळा रस्ता लागला आणि ताईनं मान मागं टाकून वर पाहिलं. किती वर्षांनी ती बसून कुठं चालली होती! वाटेत एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला तर तिनं त्याला हात केला. मास्तरांना वाटलं, जमलं! सगळं जमलं.

आणि वळण घेतल्यावर समोर बोगदा.

मास्तर छोटीकडे बसनं कितीदा तरी जाऊन आले होते. पण बसमध्ये बसलं की त्यांचा डोळा लागायचा. बोगदा आहे हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते ध्यानातच आलं नाही. टप, टप आणि टप. डोक्यावर कापड नको एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या कापडाच्या जागी अख्खा डोंगर येणार आहे हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती दार उघडून खाली उतरली आणि रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसली. मास्तर बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याकडे गेले.

"जुना घाट कुठून लागतो?"

"कसला घाट, काका? दरड कोसळली, पार मोडून पडलाय. आता हाच रस्ता."

"आत किती वेळ लागतो?"

"गाडी पळाली तर पाचेक मिनिटं."

मास्तर परत आले. कठड्यापाशी खाली मातीतच बसले. "ताई, मी गाढव आहे," ते म्हणाले. "परत जाऊ या. तुला सोडतो आणि मी एकटा जाऊन येतो. तिला सांगतो की—"

"काय सांगशील?"

ताई बराच वेळ बोगद्याकडे बघत होती. आतून गाड्या घोंघावत बाहेर येत होत्या. तिचे ओठ पांढरे पडले होते. मग ती म्हणाली, "टप लाव."

"काय?"

"बहिरा झालास? टप लाव म्हणते. तो डोंगर मला फाडता येणार नाही. तुझं कापड येईल. पिशवीत कात्री आहे ना? ती दे माझ्याकडे."

मास्तरांनी टप ओढला, पुढचे दोन्ही खटके लावले. त्यांची ती लोखंडी मोठी कात्री, ताडपत्री कापायची, ती ताईच्या हातात दिली. ताई आत बसली. तिनं कात्रीचं टोक डोक्यावरच्या कापडाला टेकवलं आणि डोळे मिटले. "चल. बोलत राहा. काहीही बोल, पण थांबू नको."

मास्तरांनी गाडी आत घातली. ते बोलत राहिले. कुलूपवाल्याला शिव्या दिल्या, मेणकापडाचा भाव सांगितला, लहानपणी छोटीनं ताईच्या वेणीला खळ लावली होती ते सांगितलं. ताईचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. आणि मग पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. गाड्या थांबल्या. पुढं काहीतरी अडलं होतं.

"का थांबलास?"

"अडलंय पुढं. एवढ्यात निघेल."

"अरे का थांबलास रे!" ताई किंचाळली. तो ताईचा आवाज नव्हता. मास्तरांनी असा आवाज आपल्या जन्मात ऐकला नव्हता. कात्री कापडात घुसली. ती शिवणीला अडकली, कारण शिवण दुहेरी होती, वरून पट्टी होती. मास्तरांनीच ती तशी केली होती.

"शिवणीवर नको ताई! मधोमध घाल, पट्टीच्या अलीकडं. हं, तिथं. आता ओढ!"

कापड फाटलं. पार मागच्या खिडकीपर्यंत फाटत गेलं. ताईनं कात्री टाकली, दोन्ही हात त्या भगदाडातून वर काढले आणि बोगद्यातल्या वाऱ्यात तसेच धरून ठेवले. ती मोठमोठ्यानं रडत होती. पुढचा ट्रक हलला. बाहेर पडेपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत, आणि मास्तरांनीही तोंड बंद केलं नाही. आपण काय बोलत होतो ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही.

छोटीच्या घरी पोचले तेव्हा सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती. ताई येणार म्हणून छोटीनंच उघडायला लावली होती. बाहेर गार वारं सुटलेलं, आणि ही दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत पडलेली. केवढीशी झाली होती! ताई काठी टेकत आत गेली आणि खाटेच्या कडेवर बसली. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. काळ्याभोर केसांची पोर सासरी गेली होती, ती आता बिनकेसांची समोर होती.

"म्हातारी झालीस गं," छोटी म्हणाली.

"तू काय तरणी राहिलीस?"

छोटीनं नवऱ्याला बाहेर जायला सांगितलं. मास्तरही वळले, पण ती म्हणाली, "दादा, तू थांब. तूही ऐक." मग ती ताईला म्हणाली, "त्या दिवशी कडी मी लावली."

"अगं, ते काय आज सांगतेस? आत कोणी नाही असं वाटलं तुला."

"नाही." छोटीला श्वास पुरत नव्हता. "मला माहीत होतं तू आत आहेस. सकाळी तू मला सगळ्यांसमोर ओरडली होतीस. म्हटलं, पाच मिनिटं राहू दे, गंमत. आणि मग हे फाटकापाशी आले. मी त्यांच्याबरोबर गेले, रात्री उशिरा घरी येऊन तशीच झोपले. विसरले, ताई. तुला विसरून गेले मी."

आता काय होणार म्हणून मास्तरांनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं. ताईनं छोटीच्या ब्लँकेटची कड नीट केली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"कडी पडल्यावर तू हसलीस. आत ऐकू आलं."

छोटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायचं त्राणही तिच्यात नव्हतं. "रात्रभर तुला ठाऊक होतं? आणि इतकी वर्षं? एकदा तरी बोलायचंस. शिव्या घालायच्यास. राग नाही आला तुला?"

"आला. अजून येतो. आज वाटेतसुद्धा आला, काय समजलीस!" ताईचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. तिनं पदरानं छोटीचं तोंड पुसलं, जरा जोरातच. "पण तू रोज फोन करायचीस. मी बोलले असते, तर फोन करायचं बंद केलं असतंस."

छोटीनं तिचा हात धरला. छोटीचा नवरा चहा घेऊन दारापर्यंत आला, आत बघितलं आणि चहा तसाच परत घेऊन गेला.